जोंधळा महागतो तेव्हा: उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय आणि १८७६ चा दुष्काळ



योसेफाची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी शिकवतो. रंगीत झगा, कोरडी विहीर, तुरुंग, फारोची स्वप्नं, सात धष्टपुष्ट गाई आणि सात रोडक्या गाई, शेवटी भावांची गळाभेट. मुलांना ही गोष्ट फार आवडते. म्हातारा याकोब मुलाला भेटला की आपणही समाधानाने पुस्तक मिटतो. त्याच्या पुढे सत्तेचाळिसावा अध्याय आहे, तो आपण फारसा वाचत नाही. त्यात स्वप्न नाही, चमत्कार नाही. त्यात बाजार आहे.

दुष्काळ कडक होतो तेव्हा लोक योसेफाकडे पैसे घेऊन धान्याला येतात. पैसे संपतात. मग ते गुरं आणतात, घोडे, मेंढरं, बैल, गाढवं, आणि त्या बदल्यात एक वर्ष निभावतं. पुढच्या वर्षी ते येतात तेव्हा सांगतात, की आता आमची शरीरं आणि आमची जमीन एवढंच उरलं आहे, तेही घ्या आणि बियाणं द्या. जमीन फारोची होते, माणसं त्याची दास होतात आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा सरकारात जमा होऊ लागतो. पुरोहितांची जमीन तेवढी सुटते, कारण त्यांना सरकारातून शिधा बांधलेला होता. (चर्चमध्ये सेवा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे शेवटचं वाक्य जरा थांबून वाचावं.)

पैसा, गुरं, जमीन, माणूस. दुष्काळ माणसाला याच क्रमाने सोलतो. हा क्रम मला पहिल्यांदा नीट कळला तो बायबलच्या भाष्यातून नव्हे, तर आपल्याच भागातल्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाबद्दल वाचताना.

आपला बेळगाव जिल्हा म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन मुलूख. खानापूरकडे सह्याद्रीचा पाऊस, भाताची खाचरं, चिखल. पूर्वेला अथणी, गोकाक, सौंदत्तीकडे जावं तसा पाऊस विरळ होत जातो आणि जमीन काळी होत जाते. तिथून पुढे विजापूर, सोलापूर. हा सगळा जोंधळ्याचा देश. या काळ्या जमिनीची एक खोड आहे. तिला जून-जुलैच्या पावसापेक्षा उतरत्या पावसाचं महत्त्व जास्त. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत पाऊस झाला, जमिनीत ओल मुरली, की शाळू पेरायचा. मग थंडीतल्या दवावर आणि त्या मुरलेल्या ओलीवर पीक उभं राहतं. म्हणून मृग चुकला तर शेतकरी काळजी करतो, पण हस्त चुकला तर तो हादरतो, कारण त्यानंतर वाट बघायला काही उरत नाही.

१८७६ मध्ये हेच झालं. सुरुवातीचा पाऊस अपुरा आणि अवेळी पडला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा जवळजवळ आलाच नाही. खरीप करपलं, रब्बी पेरताच आलं नाही. मुंबई इलाख्यातले पुणे, नगर, सोलापूर, सातारा, बेळगाव, धारवाड आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा (म्हणजे पुढचा विजापूर), शिवाय निजामाचं राज्य, म्हैसूर आणि मद्रास इलाख्याचा मोठा भाग असा सलग पट्टा सापडला.

आता भावाकडे येऊ. त्या काळी धान्याचा भाव आजच्यासारखा किलोला इतके रुपये असा सांगत नसत. रुपयाला इतके शेर, असा सांगत. त्यामुळे महागाई म्हणजे आकडा वाढणं नव्हे, आकडा उतरणं. बाजारात गेलेला माणूस घरी येऊन सांगे, रुपयाला एवढेच शेर झाले. मला ही जुनी पद्धत जास्त खरी वाटते. मजुराच्या हातात रुपया तोच असतो, त्याच्या पदरात पडणारं धान्य आटत जातं, आणि ते आटणं त्या बोलण्यात सरळ ऐकू येतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. भाव चढतो तो धान्य संपल्यावर नाही. १८७६ च्या ऑक्टोबरमध्ये मागच्या वर्षाचा जोंधळा पेवांत आणि व्यापाऱ्यांच्या कोठारांत होताच. जे पीक यायचं ते माघ-फाल्गुनात यायचं होतं. पण रब्बीची पेरणी झाली नाही हे ज्या दिवशी नक्की झालं, त्या दिवसापासून हातातला जोंधळा पुढच्या सव्वा वर्षाचा झाला. ज्याच्याकडे होता त्याने हात आखडला, ज्याच्याकडे पैसे होते त्याने जास्त भरून ठेवला, आणि भाव वर गेला. म्हणजे शेत रिकामं राहिल्याचा परिणाम बाजारावर काढणीच्या हंगामाआधीच झाला.

आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतमजुराचं काम बंद पडलं. पेरणी नाही म्हणजे कोळपणी नाही, राखण नाही, काढणी नाही, मळणी नाही. सुगीत मजुरी धान्यात मिळे, बलुतेदाराला बलुतं मिळे, तेही बंद. विणकराचं तेच. लोक पोटाला चिमटा घेतात तेव्हा पहिल्यांदा लुगडं आणि धोतर घेणं थांबवतात. भाव दुप्पट झाला आणि कमाई शून्य झाली, तर त्या माणसाला भाव दुप्पट झाला काय आणि चौपट झाला काय, सारखंच. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी हाच मुद्दा जगभरातली उदाहरणं घेऊन मांडला: बाजारात अन्न असूनही माणसं भुकेने मरतात, कारण ते अन्न मिळवण्याचं साधन त्यांच्या हातून गेलेलं असतं. उत्पत्तीच्या त्या अध्यायात मिसरी लोक पैसे संपल्याचं सांगतात तेव्हाही कोठारं भरलेलीच असतात.

पैशानंतर गुरं. इथे भावाचा दुसरा खेळ सुरू होतो. जोंधळा फक्त माणसाला भाकरी देत नाही, बैलाला कडबाही देतो. पीक गेलं की दोघांचं अन्न एकदम जातं. मग गावोगावचे शेतकरी एकाच वेळी बैल बाजारात आणतात, आणि घेणारा कोणी नसतो, कारण घेणाऱ्याकडेही कडबा नाही. धान्याचा भाव चढतो आणि बैलाचा पडतो. सोनंनाणं, भांडी, घराची लाकडं यांचंही तसंच. ज्या वस्तू विकून धान्य घ्यायचं त्या मातीमोल होतात. आपण ‘महागाई’ असा एकच शब्द वापरतो, पण दुष्काळात गरिबाच्या घरात जे असतं ते सगळं स्वस्त होतं आणि जे नसतं तेवढं महाग होतं.

गुरं मेल्याचा तोटा तिथेच थांबला नाही. विजापूरकडे तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबई-रायचूर लोहमार्ग १८७१ मध्ये पुरा झाला होता, त्यामुळे सोलापूरपर्यंत धान्य येत होतं. आपल्या बेळगावकडे ते वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाट चढून येई. पण स्टेशनापासून, बंदरापासून पुढे बैलगाडीच. आणि बैलच नाहीत, असले तर त्यांना वाटेत चारा-पाणी नाही. म्हणून वाहतूक महागली, आणि स्टेशनापासून जितकं लांब तितका जोंधळा महाग झाला. हा धडा सरकारने पुढे घेतला. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली आणि १८८४ मध्ये होटगी ते गदग हा मार्ग विजापूरवरून सुरू झाला. दुष्काळात धान्य पोहोचावं या हेतूने बांधलेल्या मार्गांपैकी तो एक. आपल्यातले कितीतरी जण त्या मार्गाने सोलापूरला जातात. खिडकीतून दिसणारं ते ओसाड माळरान हेच त्या मार्गाच्या जन्माचं कारण.

रेल्वेमुळे सगळं भलंच झालं असं मात्र नाही. लोहमार्ग धान्य आणतो तसं नेतोही. जिथे पीक बरं होतं तिथलं धान्य चढ्या भावाच्या दिशेने निघालं, आणि तिथल्या गरिबालाही महागाई लागली. देशाबाहेर गहू जात होता तो या काळातही थांबवला गेला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचं धोरण असं, की धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये. भाव चढला की व्यापारी आपोआप धान्य तिकडे नेतील. व्यापाऱ्यांनी धान्य नेलंही. पण विकत घेण्याची ऐपत असलेल्यांकडेच ते गेलं. मद्रास सरकारने सुरुवातीला स्वतः तीस हजार टन धान्य खरेदी केलं, तर त्याला वरून बोल लावले गेले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला आणि राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली. त्या दिवशी दख्खनमध्ये खडी फोडणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या.

त्या खडीच्या कामांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण भाव आणि भूक यांचा हिशेब तिथे अगदी उघड मांडला गेला.

सरकारने पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. हेच टेंपल १८७३-७४ मध्ये बिहारच्या दुष्काळावर होते. तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून चार लाख टनांहून अधिक तांदूळ आणवला आणि फार थोडी माणसं दगावली. त्याबद्दल शाबासकी मिळायची ती राहिली बाजूला, खर्च फार केला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. दख्खनमध्ये आलेले टेंपल निराळे होते. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी पुरुष मजुराची रोजी ठरवली: एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, तेही दिवसभर दगड फोडणाऱ्याला. तुरुंगातल्या कैद्याचा शिधा त्याहून बरा होता. बाईला त्याहून कमी. त्यात कामं घरापासून लांबची, म्हणजे खरोखर गरजू असेल तोच येईल, अशी ‘परीक्षा’.

मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी हजारोंच्या संख्येने कामं सोडून दिली. उपाशी माणसांचा संप! पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने गावोगावची माहिती गोळा करून सभेने सरकारकडे अर्ज पाठवले. मद्रासमध्ये आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर दाखवून दिलं, की एवढ्या धान्यावर काम करणारं शरीर टिकत नाही. पुढे रोजी थोडी वाढली. पण मधले महिने गेले ते गेले. आणि वाढवलेली रोजीसुद्धा धान्याच्या भावाशी जोडलेली होती, म्हणजे भाव कसाही हलला तरी मजुराच्या पोटात जायचं तेवढंच जाणार.

नगर-पुण्याकडचं चित्र आपल्याला सावित्रीबाई फुले यांच्या पत्रातून मिळतं. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात गावं सोडून निघालेली माणसं, मरून पडलेली जनावरं, भेगाळलेली जमीन यांचं वर्णन आहे. सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. आपण ख्रिस्ती लोक दुष्काळातल्या सेवेचा विषय निघाला की फक्त मिशनऱ्यांची नावं घेतो. ते बरोबर नाही. सार्वजनिक सभा, सत्यशोधक समाज, कितीतरी गावचे व्यापारी आणि देवस्थानं यांनीही माणसं जगवली.

१८७७ च्या जूनमध्ये सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा ताण पडला आणि भाव आणखी चढले, कारण आता दुसरं वर्षही जाणार अशी भीती बसली. (१८७७-७८ चा एल निनो हा नोंदींमधल्या अतितीव्र एल निनोंपैकी एक होता हे शास्त्रज्ञांना फार नंतर कळलं. भारतीय हवामान खातं तेव्हा दोनच वर्षांचं होतं.) सप्टेंबरमध्ये पाऊस आला. दुष्काळ संपला, असं कागदावर म्हणता येईल. पण अशक्त झालेल्या शरीरांवर हिवतापाची साथ आली आणि पावसानंतरच्या महिन्यांतही माणसं मोठ्या संख्येने मेली. पेरायला बैल नाहीत, बियाणं सावकाराकडून, तेही चढ्या दराने. आणि मग १८७८-७९ मध्ये उंदीर. दख्खनच्या जिल्ह्यांत शेतउंदरांनी उभी पिकं फस्त केली. योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात टोळांच्या एका धाडीतून उरलेलं दुसरी धाड खाते, असं वर्णन आहे. ते मला पूर्वी अतिशयोक्तीचं वाटे.

एकट्या कलादगी जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये आठ लाखांहून अधिक होती, ती १८८१ च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आत आली. कितीजण मेले आणि कितीजण देशोधडीला लागले याची वेगळी विभागणी कोण करणार? सगळ्या हिंदुस्थानात ब्रिटिश मुलखातल्या मृत्यूंचा सर्वसाधारण अंदाज पन्नास लाखांच्या वरचा आहे.

जमिनीचं काय झालं? १८७५ मध्येच पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या होत्या. शेतसारा रोखीने भरायचा, कापसाची तेजी ओसरलेली, कर्ज डोक्यावर. त्यावर हा दुष्काळ आला. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला, तो का करावा लागला हे उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय वाचलेल्याला वेगळं सांगायला नको. १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली. त्या संहितेत दुष्काळ ओळखण्याच्या खुणा दिल्या होत्या: धान्याचे भाव चढणं, सावकारांनी उसनवार बंद करणं, चोऱ्या वाढणं, माणसांनी दिशाहीन भटकायला लागणं. यात पावसाचे इंच पहिले नाहीत. दुष्काळ आधी बाजारात आणि रस्त्यावर दिसतो, हे सरकारलाही एवढी माणसं गेल्यावर कळलं होतं.

आता आपल्या घरच्या एका अवघड प्रश्नाकडे येतो. मराठी ख्रिस्ती माणसाला आयुष्यात एकदा तरी हे ऐकावं लागतं: तुमचे पूर्वज दुष्काळात पोटासाठी बाटले. शाळेत, कचेरीत, कधी चेष्टेत, कधी भांडणात. आपण बहुधा गप्प बसतो किंवा चिडतो. खरं काय आहे?

१८७६-७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या दुष्काळांनंतर नगर जिल्ह्यात आणि इतरत्र ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या, हे खरं आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हा प्रश्न मिशनऱ्यांना पडला नव्हता असं नाही. आंध्रच्या बाजूला ओंगोल इथे जॉन क्लफ नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी होते. (आपल्या पंथाचे नव्हेत, पण त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे.) दुष्काळात सरकार बकिंगहॅम कालवा खोदत होतं. क्लफ यांनी त्यातल्या साडेतीन मैलांचं कंत्राट घेतलं, म्हणजे त्यांच्या ओळखीच्या गरीब मादिगा लोकांना काम आणि रोजी मिळावी. कालव्यावर त्यांचे उपदेशक लोकांबरोबर राहिले. शेकडो लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लफ यांनी नाही म्हटलं. दुष्काळ चालू आहे, आमच्या हातात मदतीचे पैसे आहेत, तोवर एकाचाही बाप्तिस्मा करणार नाही. वर्षभराहून जास्त काळ त्यांनी हे पाळलं. मदत संपली, काम संपलं, आता काही मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत झालं, तरी लोक येतच राहिले. ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला.

सगळीकडे एवढी काळजी घेतली गेली असा माझा दावा नाही. पण टोमणा मारणाऱ्याला मी दुसरंच विचारतो. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ज्याची कमाई सुगीतल्या मुठीवर होती, तो भाव चढताच सर्वांत आधी उपाशी पडला. त्याला कोणी जेवायला घातलं आणि शेजारी बसवलं. तो त्या माणसाच्या देवाबद्दल विचारू लागला, तर त्यात त्याची लाज कशाला? योसेफाचे भाऊ मिसरात गेले ते धान्यासाठीच. रूथच्या गोष्टीत नामीचं कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबात गेलं ते दुष्काळामुळे, आणि त्यातून पुढे दावीदाचा वंश आला. पोटासाठी उठलेली पावलं बायबलने कुठेच हिणवलेली नाहीत.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर याच मातीतलं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते, पुराणं सांगत घरदार घेऊन तीर्थयात्रा करीत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेत अडकलं. होतं नव्हतं ते विकलं, आणि आईवडील व बहीण गेली. विद्वत्तेला बाजारात धान्य मिळालं नाही. त्यामुळे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातेतून. बडोद्याच्या वाचकांना ‘छप्पनियो’ हा शब्द माहीत असेल, संवत १९५६ चा तो दुष्काळ. केडगावला त्यांनी आधी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, शेती आणि हातकाम उभं केलं. आश्रमात आलेल्या बाईच्या हाताला काम हवं, नुसता शिधा पुरत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

भावाबद्दल बायबलमध्ये आणखी एक जागा आहे, ती सांगून आजच्या काळाकडे येतो. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार हातात तराजू घेऊन येतो आणि भाव पुकारला जातो: दिवसाच्या मजुरीत एका माणसापुरता गहू, किंवा तिप्पट जव. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दीनार मिळतो, तोच हा दीनार. म्हणजे कमावणारा एकटा गहू खाईल, किंवा घरच्यांसाठी जव आणेल. आपल्याकडे याला वरकस धान्यावर येणं म्हणतात. आणि त्याच आवाजात, तेलाला आणि द्राक्षारसाला धक्का लावू नको, अशी आज्ञा आहे. ऑलिव्ह आणि द्राक्षवेल यांची मुळं खोल असतात, एका वर्षाच्या अवर्षणात ती मरत नाहीत, हे एक कारण सांगितलं जातं. पण मला त्यात श्रीमंताच्या ताटाला दुष्काळात फारसा धक्का लागत नाही, हेही दिसतं.

२०२३ मध्ये पावसाने ओढ दिली आणि कर्नाटक सरकारने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. माणसं भुकेने मेली नाहीत. रेशन, रोजगार हमी, रेल्वे, साठे यांचा हा फरक आहे आणि तो लहान नाही. पण शेतकऱ्याची कोंडी मिटलेली नाही, तिचं रूप बदललं आहे. १८७६ मध्ये निर्यात थांबवली नाही म्हणून गरीब मेला. २०२३ मध्ये जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये कांद्याची निर्यातच थांबली. शहरातल्या स्वयंपाकघराला दिलासा मिळाला. पण ज्याच्या विहिरीला थोडं पाणी होतं आणि ज्याने धडपडून कांदा काढला, त्याचा भाव पडला. ज्याचं पीक गेलं त्याच्याकडे विकायला काही नाही, त्याला चढा भाव काय कामाचा? तोही डाळ-तेल बाजारातूनच आणतो. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली तेव्हा तूर पिकवणाऱ्या कितीतरी घरांत आमटी पातळ झाली होती. शेतकरी हा धान्य विकणारा असतो त्याहून जास्त महिने तो धान्य विकत घेणारा असतो, ही गोष्ट महागाईवर बोलताना आपण विसरतो.

आणि योसेफ? मुलं वर्गात विचारतात, त्याने बरोबर केलं का? माझं उत्तर अजून अर्धंच आहे. त्याने सात वर्षं साठवलं म्हणून लोक जगले, आणि ते स्वतःच तसं म्हणतात. पण निर्गमाचं पुस्तक उघडलं की त्याच मिसरात त्याचेच वंशज विटा थापताना दिसतात. सगळी जमीन आणि सगळी माणसं एका हातात गेली की पुढचा फारो कोण येईल यावर सगळं अवलंबून राहतं. पिता बाखर, नगरच्या भागात आयुष्य घालवलेले स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू, यांनी दुसरी वाट धरली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं, बांध घालायचे, झाडं लावायची, आणि हे सगळं गावाने एकत्र बसून ठरवायचं. कोठार फारोच्या ताब्यात न जाता जमिनीखाली, प्रत्येकाच्या विहिरीत. ज्या गावांत हे टिकलं तिथे हस्त चुकला तरी बैल विकायची वेळ लगेच येत नाही.

आपल्या धर्मग्रामात उपवासकाळात दर शुक्रवारी घरटी एक मूठ धान्य बाजूला काढायची पद्धत आहे, ते आपण सर्व जाणता. पूर्वी महिला मंडळाच्या डब्यात जोंधळाच जास्त असे. २०२४ च्या उपवासकाळात डबे उघडले तर वर रेशनचा तांदूळ आणि तळाशी थोडा शाळू. मंडळाच्या बायकांनी सुपात घेऊन दोन्ही निवडून वेगळे केले. शाळू पाच पायल्यांच्या आतच भरला. तो वृद्धाश्रमाला दिला, कारण तिथल्या म्हाताऱ्यांना भातावर झोप लागत नाही, भाकरी लागते.